वीतभर पांढरं

आज सकाळी एसी बंद केला.

हे वाक्य पुण्याच्या माणसाला काही सांगणार नाही. ते कळायला दुबईत एक उन्हाळा काढावा लागतो. आम्ही तीसेक काढलेत. एप्रिलपासून भिंतीत घुरघुरणारा तो खोका नोव्हेंबरातल्या एखाद्या सकाळी गप्प होतो आणि घराला एकदम ऐकू यायला लागतं. शेजारच्या मल्याळी घरातली कुकरची शिट्टी, खाली करामाच्या गल्लीत भाजीचे खोके उतरवणाऱ्याचं घाईचं ‘यल्ला, यल्ला’, कुणाच्या तरी गॅलरीत कबुतरांचं भांडण. वर्षातून चार महिनेच उघडणारी खिडकी बायको उघडते, पदरानं कपाळ पुसते (घाम नसतो, पण हाताला सवय) आणि म्हणते, “सुटलो बाई एकदाचे!”

त्याच दिवशी मी स्टुलावर चढून हॉलच्या भिंतीवरचं धनुष्य खाली काढतो, फडक्यानं पुसतो आणि त्याला जवसाचं तेल चोळतो. वर्षातून एकदा. आमच्याकडे येणारे पाहुणे त्या धनुष्याकडे बघून हात जोडतात. डोंबिवलीहून आलेल्या एका मावशींनी तर कुंकवाचा करंडा मागितला होता. मी म्हटलं, “मावशी, हे रामाचं नाही, इंग्रजांचं आहे.” त्यांनी जोडलेले हात हळूच सोडवून घेतले आणि विचारलं, “मग तुम्ही कशाला लावलंय?” उत्तर लांबलचक होतं आणि त्यात माझी बरीच शोभा झालेली होती, म्हणून मी त्यांना पुन्हा चहा दिला. आज मावशी नाहीत, खिडकी उघडी आहे आणि हात तेलाचे आहेत. सांगून टाकतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाचा हिवाळा. अल कुसैसमध्ये एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं आणि मी त्याचा इनचार्ज होतो. इनचार्ज म्हणजे सुतार नव्हे. सुतार भिवा मेस्त्री. लांज्याकडचा, हाडकुळा, डिसेंबर लागला की कानटोपी चढवणारा. बाहेर वीस अंश असताना कानटोपी! पण ज्या माणसानं ऑगस्टमध्ये त्या पत्र्याखाली दारं जोडलीत, त्याला थंडीचे लाड करून घ्यायचा हक्क आहे. हिवाळा आला की शेडची दोन्ही दारं सताड उघडायची. सागाच्या भुशाचा गोडसर वास, मेस्त्रीच्या बिनदुधाच्या सुलेमानी चहाची वाफ आणि जमिनीवर तिरपं येऊन पडलेलं, चटका न देणारं ऊन. उन्हाळाभर एकमेकांवर खेकसणारी माणसं त्या उन्हात एकमेकांना ‘बस ना जरा’ म्हणायला लागायची.

त्या सुखात एकच खडा होता. नॉरिससाहेब. आम्ही ज्या बंगल्यांची दारं करत होतो, त्या कामावरचे तपासनीस. सव्वासहा फूट उंच, गुलाबी, आणि शर्टाच्या खिशात कायम एक लाल खडू. दारात कुठे सागाचं पांढरं लाकूड, म्हणजे सालीलगतचं कोवळं लाकूड दिसलं, की त्यावर लाल फुली. बोटभर पांढरं असलं तरी फुली. एकदा त्यांनी एका दमात चाळीस दारं परत पाठवली आणि मला म्हणाले, “मिस्टर सामंत, सागाचं नाव सांगून मला पांढरं देऊ नका.” मेस्त्रीला याचं काहीच वाईट वाटलं नाही. तो म्हणाला, “बरोबर आहे त्याचं. पांढऱ्यात भुंगा लागतो. आमच्या बापानं पांढरं ठेवलं असतं तर गाव थुंकलं असतं.” चाळीस दारांचं वाईट वाटून घ्यायला मग मी एकटाच उरलो.

आणि एका शुक्रवारी हेच नॉरिससाहेब सुट्टीच्या दिवशी, अर्ध्या चड्डीत, घोंगडीत गुंडाळलेलं एक लांब गाठोडं घेऊन शेडच्या दारात उभे. “शुक्रवारी तुमचं एक कामाचं बाक वापरू का?” फुली मारणारा माणूस परवानगी मागतोय म्हटल्यावर माझी छाती दोन इंच फुगली. म्हटलं, “सर, आपलंच वर्कशॉप!”

गाठोड्यात एक उभं चिरलेलं लाकूड होतं. पावणेसात फूट लांब, मनगटाएवढं जाड. एका अंगाला पिकल्या पपईसारखं लाल-केशरी आणि दुसऱ्या अंगाला सबंध लांबीभर दुधाच्या सायीसारखा पांढरा पट्टा. मेस्त्रीनं ते उचललं, हुंगलं, नखानं टोकरलं. “साग नाय, फणस नाय. कुठल्या गावचं?” साहेबांना प्रश्न न सांगताच कळला. त्यांनी सांगितलं, त्या झाडाला यू म्हणतात. त्यांच्या गावच्या चर्चच्या आवारातलं एक जुनं यू वादळात पडलं, तेव्हा त्यांच्या वडिलांनी त्यातून तीन तुकडे चिरून घेतले आणि शेडमध्ये वर्षानुवर्षं सावलीत वाळवले. मुलानं त्याची लांब इंग्रजी धनुष्यं करावीत म्हणून. वडील गेले. पहिल्या तुकड्याचं धनुष्य करताना मोडलं, दुसऱ्याचंही मोडलं. “हा तिसरा,” साहेब म्हणाले. “चौथा नाही.”

त्यानंतर तासभर ते धनुष्य कसं करतात ते समजावत होते. मी मान डोलावत होतो. घरी मटण होतं आणि साडेबारा वाजले होते. इंग्रज माणूस बोलत असला की दर तिसऱ्या वाक्याला ‘येस सर’ आणि दर सहाव्या वाक्याला ‘व्हेरी इंटरेस्टिंग’ म्हणायचं, एवढं मी नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकलो होतो. मधेच साहेब ओरडले. मेस्त्रीनं सवयीनं त्या लाकडाची एक काडी दातात धरली होती. “विष! त्या झाडाचं सगळं विषारी असतं!” मेस्त्रीनं काडी थुंकली, तीनदा चूळ भरली आणि लाकडाकडे आदरानं बघायला लागला. कोकणातल्या माणसाला विषारी वस्तूबद्दल आधी आदर वाटतो.

चार-पाच शुक्रवार साहेब येत राहिले. दोन मुठींची एक सुरी स्वतःकडे ओढत लाल अंगाचं लाकूड केसाकेसानं उतरवायचे. मग नाताळ आला आणि ते तीन आठवड्यांसाठी घरी गेले. जाताना लाकूड माझ्या ताब्यात दिलं. “ऊन लागू देऊ नका, एवढंच.” मी म्हटलं, “सर, डोंट वरी.”

आता इथून पुढे माझी अक्कल सुरू होते.

साहेब परत यायच्या आठवड्यात एका दुपारी मी त्या लाकडापाशी उभा होतो. काम कमी होतं, हवा सुंदर होती, आणि असल्या हवेत माणसाला उगाच चांगलं काहीतरी करावंसं वाटतं. माझी नजर त्या पांढऱ्या पट्ट्यावर गेली. आमच्या दाराला बोटभर पांढरं चालत नाही, आणि यांच्या स्वतःच्या लाकडाला टोकापासून टोकापर्यंत पांढरं! मला वाटलं, बिचाऱ्याला वेळ मिळाला नसेल. आपण साफ करून ठेवू. आल्यावर बघेल आणि म्हणेल, वा मिस्टर सामंत. थोडा मनात असाही खट्याळपणा होता की परत करताना म्हणावं, ‘सर, तुमच्याही लाकडाला पांढरं होतं हो!’

मी रंधा घेतला आणि एका टोकापासून सुरू केलं. आयुष्यात मी रंधा चौथ्यांदा धरत होतो, आणि नेमका त्याच दिवशी तो लोण्यातून चालल्यासारखा चालला. पांढऱ्या सालपटांच्या गुंडाळ्या पायाशी पडत होत्या, खालून लाल उमलत होतं. मी शीळ घालत होतो. वीतभर झालं, वर चार बोटं झालं, तेवढ्यात मेस्त्री चहाचे दोन ग्लास घेऊन आला.

“साहेब, काय करताय?”

“साफ करतोय रे. पांढरं होतं.”

त्यानं ग्लास खाली ठेवले. इतके हळू ठेवले की मला भीती वाटली.

“साहेब, दार वाकत नाय. हे वाकणार. बाहेरचं पांढरं ताण खातं, आतलं लाल दाब खातं. म्हणून दोन्ही लागतात. पांढरं तासलंत तर पहिल्या ओढीला मोडेल. पहिल्या जुम्म्याला तासभर सांगत होता की तो!”

“तुला कधीपासून इंग्रजी यायला लागलं?”

“मला नाय येत. म्हणून मी नीट बघत होतो. तुम्हाला येतं, म्हणून तुम्ही ऐकलं नाय.”

मी रंधा बाकावर आडवा ठेवला.

पुढचे तीन दिवस मी जे केलं त्याला मेस्त्री ‘उपचार’ म्हणायचा. सालपटं गोळा करून ती उलगडून पांढऱ्या गोंदानं परत चिकटवून पाहिली. ती वाळून पोपडे धरल्यासारखी दिसायला लागली. ती खरवडून मी फिकट ऑइलपेंटचा हात दिला. मेस्त्री लांबून बघत होता. म्हणाला, “साहेब, पावडर नवरीला लावतात. तिरडीवरच्याला नाय.” मग त्यानंच तो रंग काचेच्या तुकड्यानं हलक्या हातानं काढला आणि लाकूड घोंगडीत परत गुंडाळलं.

घरी माझं जेवण उडालं. बायकोनं दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी ताटच पुढे ठेवलं नाही. “आधी काय झालंय ते सांगा.” मी सांगितलं. तिसरा तुकडा, वडील, वादळ, सगळं. मुलगी गृहपाठातून डोकं वर काढून म्हणाली, “बाबा, जस्ट से सॉरी. इट्स ओन्ली अ स्टिक.” बायकोनं मात्र हातातला डाव खाली ठेवला. मग म्हणाली, “अहो, त्या माणसाच्या वडिलांनी वाळवलेलं लाकूड आहे. आल्याबरोबर, पहिल्या मिनिटाला सांगा. तुम्हाला लपवता येत नाही. लग्न ठरताना वय लपवलं होतंत, तेव्हाही तुमच्या तोंडावर दिसत होतं.”

पहिल्या मिनिटाला सांगायचं ठरलं. पण साहेब आले ते हातात केकचा मोठा डबा घेऊन. “तुमच्या घरच्यांसाठी. माझ्या बायकोनं केलाय.” मी तो दोन्ही हातांनी घेतला. इंग्रजीत मी तीन परिच्छेदांचं निवेदन पाठ केलं होतं. त्यातलं एवढंच बाहेर आलं: “सर, आय क्लीन्ड इट.”

त्यांनी घोंगडी सोडली. चष्मा काढला. पांढऱ्यावरून अंगठा फिरवत फिरवत टोकाकडे नेला, आणि जिथे लाल लागलं तिथे अंगठा थांबला. 

“का?”

“सर... व्हाइट... दारं... तुम्ही रिजेक्ट...”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या खिशातून डोकावणाऱ्या लाल खडूकडे पाहिलं. त्यांचे कान लालबुंद झाले आणि ते बाहेर जाऊन उन्हात आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. शेडमधली सगळी यंत्रं बंद झाली होती. मी केकचा डबा छातीशी धरून उभा. मेस्त्री कुजबुजला, “केक परत द्यावा लागेल काय?”

दहा मिनिटांनी साहेब आत आले आणि म्हणाले, “करवत.”

धनुष्य टोकांना सगळ्यात कमी वाकतं, हे मला तेव्हा कळलं. या वेळी मी एकूण एक शब्द ऐकत होतो. त्यांनी माझी वीतभर करणी कापून टाकली. तोल राहावा म्हणून दुसऱ्या टोकाचंही निष्पाप वीतभर लाकूड कापलं. त्या कापण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. पण मी वीत आणि वर चार बोटं तासलं होतं. ती चार बोटं राहिली. तिथे पांढरं कागदाएवढं उरलं होतं. “कदाचित टिकेल,” साहेब म्हणाले. “कदाचित नाही.”

मग त्यांनी ते लाकूड स्वतःच्या शेजारी उभं केलं. पावणेसात फुटांचं सव्वापाच झालं होतं. त्यांच्या खांद्याशी कसंबसं पोचलं. एवढ्या आखूड धनुष्याला त्यांच्या हातांची ओढ सोसली नसती. त्यांनी मेस्त्रीशेजारी उभं करून पाहिलं. मेस्त्री उंच. माझ्याशेजारी उभं केलं, तर टोक बरोबर माझ्या टाळूला लागलं. शेडमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. “मिस्टर सामंत,” ते म्हणाले, “हे आता तुमच्या मापाचं आहे. तयार झालं की पहिल्यांदा तुम्हीच ओढायचं.”

ही शिक्षा की बक्षीस, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

जानेवारी-फेब्रुवारीचे ते शुक्रवार आठवले की अजून नाकात तो वास येतो. ओल्या मातीचा नाही, तापल्या मातीचाही नाही. सकाळच्या दवानं जरा दबलेल्या वाळूचा. भिंतीला एक खांब उभा केला होता. त्यावर धनुष्य आडवं टेकवायचं, दोरीला कप्पी लावून खाली ओढायचं, आणि लांब उभं राहून वाक बघायचा. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत. जिथे ताठ आहे तिथलं लाकूड खरवडायचं. जिथे कमजोर आहे तिथे हात लावायचा नाही. साहेब मोजपट्टी घेऊन बघायचे. मेस्त्री नुसता एक डोळा मिटायचा. त्याचा बाप खाडीवर मचवे, होड्या बांधायचा. लाकडाचा बाक त्याच्या डोळ्यातच होता. “डावीकडं, दुसऱ्या गाठीखाली. अकडलंय.” मी भाषांतर करायला तोंड उघडेपर्यंत साहेब तिथे पोचलेले असायचे, मोजायचे, आणि मान हलवायचे. त्या दोघांनी दोन महिने बोटांनी गप्पा मारल्या. इंग्रजी येणारा मी एकटाच बेकार होतो, म्हणून चहा आणत होतो.

आमच्या धंद्यात चूक झाकता येते. फट पडली तर लांबी, पुट्टी भरा, चीर गेली तर पट्टी मारा. इथे गेलेलं परत लावायची सोयच नव्हती. माझ्या चार बोटांवर जास्त भार येऊ नये म्हणून बाकीचं सगळं धनुष्य थोडं थोडं नरम करत आणावं लागलं. धट्टाकट्टा भाग एका लंगड्या भागाच्या चालीनं चालायला शिकला. घरातही मी अशीच चार बोटं होऊन राहिलो आहे, हे बायको बोलून दाखवत नाही, पण तिलाही तो खांब एकदा दाखवला होता आणि ती बघून गालात हसली होती.

शेवटी मेस्त्रीनं देऱ्याच्या बाजारातून मासेमारीचा मेण लावलेला दोरा आणला आणि त्या चार बोटांवर एकाला एक लागून वेढे दिले. दरम्यान माझा सराव चालू होता. साहेबांनी सायकलची ट्यूब ओढायला सांगितली होती. मी ती बाथरूमच्या दाराच्या मुठीला बांधून ओढायचो. सहाव्या दिवशी मूठ हातात आली. दार आमच्याच वर्कशॉपचं होतं.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी, उन्हाळा परत यायच्या आत, आम्ही सगळे अल ऐनच्या रस्त्याला वाळूत गेलो. निशाण म्हणून एका नव्या एसीचा रिकामा खोका टेकडीला टेकवला. बायकोनं पुऱ्या आणि बटाट्याची भाजी आणली होती, मुलगी गाडीतून उतरायला तयार नव्हती, मेस्त्रीची कानटोपी अजून उतरली नव्हती. साहेबांनी दोरी चढवली आणि धनुष्य माझ्या हातात दिलं. इतकं हलकं होतं की मला रडू येईल असं वाटलं. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, “हनुवटीपर्यंत. त्यापुढे नाही. थांबायचं नाही, सोडायचं.”

मी ओढायला लागलो. अर्ध्यावर लाकूड ‘कर्र’ बोललं. मेस्त्री म्हणाला, “देवा रवळनाथा.” बायकोनं पुऱ्यांचा डबा घट्ट धरला. कुणीही खोक्याकडे बघत नव्हतं, सगळे डोळे त्या दोऱ्याच्या वेढ्यांवर होते. माझ्या डोळ्यांसमोर एक शेड आली, जी मी कधी पाहिली नव्हती, आणि तिथे सावलीत तीन लाकडं फिरवून फिरवून वाळवणारा एक म्हातारा. मी हनुवटीपर्यंत ओढलं आणि सोडलं.

दोरीनं माझ्या कोपराखाली असा फटका दिला की मी आईचं नाव घेतलं. बाण खोक्याच्या दोन पुरुष उंचीनं वरून गेला आणि टेकडीपलीकडे कुठेतरी वाळूत शिरला. आजपर्यंत सापडलेला नाही. कुणी शोधलाही नाही. धनुष्य माझ्या हातात अखंड होतं, आणि नुसतं थरथरत होतं. 

साहेब आले. धनुष्य घेतलं, वेढ्यांवरून अंगठा फिरवला, सूर्याकडे धरून एक डोळा मिटून टोकापासून टोकापर्यंत बघितलं. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि लाल खडू बाहेर आला.  पावणेदोन वर्षं मी तो खडू बाहेर येताना पाहत होतो, आणि तो एकदाही रिकामा परत गेला नव्हता. त्यांनी खडूकडे जरा वेळ पाहिलं, परत खिशात ठेवला, आणि पेन काढून मुठीच्या वर, लाल लाकडावर दोन आकडे लिहिले: किती जोर लागतो आणि किती ओढायचं. त्या आकड्यांपुढे एक बारीकशी बरोबरची खूण केली.

“पास, मिस्टर सामंत.”

चाळीस दारांत, चारशे दारांत, हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. दार पास झालं की ते नुसते पुढच्या दाराकडे जायचे. मी वाळूतच बसलो. मेस्त्रीनं माझ्या हातात एक पुरी दिली आणि म्हणाला, “खावा आता. दोन महिने जेवला नाय.”

त्याच उन्हाळ्यात साहेबांचं कंत्राट संपलं. जाताना धनुष्य नेलं नाही. “मला आखूड होतं,” म्हणाले. वडिलांच्या लाकडाबद्दल मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. “मोडलेली दोन माझ्याकडे आहेत. एक न मोडलेलं कुठेतरी आहे, एवढं मला पुरे.”

मेस्त्री आता लांज्याला असतो; हिवाळ्यात फोन करतो आणि पहिलं वाक्य विचारतो, “आहे का अजून?” मी म्हणतो, “आहे.” मग तो तब्येतीचं विचारतो, माझ्या.

तेल चोळून झालंय. दोऱ्याच्या वेढ्यांखालच्या त्या चार बोटांना दरवर्षी सगळ्यात जास्त तेल लागतं. ओतलं की शोषून घेतात, पुन्हा कोरडी. मुठीवरच्या त्या खुणेवर मात्र मी फडकं लावत नाही, बाजूनं फिरवतो. शाई फिकट झाली आहे, पण खिडकीतल्या या हिवाळी उजेडात अजून वाचता येते. बायको झाडू घेऊन मागे उभी आहे. “झालं का तुमचं? लावा वर. आणि बाथरूमची मूठ परत सैल झालीये.”